धक्का ढाल

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी दर वर्षी दिवाळीनंतर क्रीडा मंडळाच्या खो-खो स्पर्धा भरतात. विजेत्याला करंडक असतोच, पण गावात जास्त चर्चा होते ती धक्का ढालीची. एका धान्याच्या व्यापाऱ्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ती दिली आणि देताना अट घातली : स्पर्धेत जो संघ कुणाच्या ध्यानीमनी नसताना मोठ्या संघाला पाडील, ढाल त्याची. ढालीवर कोरलेलं नाव वेगळं आणि बरंच लांब आहे. गावानं मात्र तिला धक्का ढालच म्हटलं.

एका वर्षी ढालीवर दोन संघांचा हक्क सांगितला जात होता. एक मुलांचा संघ. त्यानं उपांत्य फेरीत गतविजेत्यांना हरवलं होतं, पण गतविजेत्यांचे तीन मुख्य खेळाडू आदल्या रात्री एका लग्नात जेवून आजारी पडले होते. दुसरा संघ एका वाडीतल्या शाळेतल्या मुलींचा. स्पर्धेला पहिल्यांदाच आलेला. पहिल्याच फेरीत त्यांची गाठ गावातल्या कन्याशाळेशी घालून दिली होती, आणि कन्याशाळेकडे कितीतरी वर्षं सलग करंडक होता. सामना सकाळी लवकरचा ठेवला होता, कारण तो बघायला कुणी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. वाडीच्या मुली दोन गुणांनी जिंकल्या. दुपारच्या पुढच्या सामन्यात त्या हरल्या आणि स्पर्धेबाहेर गेल्या.

रात्री व्यायामशाळेच्या माडीवर निवड समिती बसली. अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांच्या जोडीला तालमीचे वस्ताद, औषधांच्या दुकानाचे मालक (त्यांना सगळे शेठ म्हणत), कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक तरुण प्राध्यापक, आणि कन्याशाळेतूनच निवृत्त झालेल्या क्रीडाशिक्षिका. त्यांना गाव नुसतं बाई म्हणे. कन्याशाळेचा संघ बाईंनीच उभा केला होता, म्हणून त्या दिवशीच्या पराभवावर त्या काय बोलतात याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. त्या सुरुवातीला काहीच बोलल्या नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, “नावं नंतर. आधी हे ठरवू, की मोठा धक्का म्हणायचं कशाला.”

प्राध्यापकांचं उत्तर तयार होतं. “मोजमाप असल्याशिवाय वाद मिटणार नाही. इंग्लंडात सट्टा कायदेशीर आहे, तेव्हा सट्ट्याचा भाव हेच मोजमाप. २०१५ चा फुटबॉल हंगाम सुरू झाला तेव्हा लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकेल याला एकास पाच हजार भाव होता. आदल्या हंगामात तो संघ कसाबसा लीगमध्ये टिकला होता. २०१६ च्या मे महिन्यात तोच विजेता झाला. याहून मोठा धक्का दाखवा.”

“सट्टेवाल्याला काय कळतंय हो?” वस्ताद म्हणाले. “लोक कुणावर पैसे लावतायत, एवढं त्याला कळतं. गडी किती तयारीचा आहे ते आखाड्यात उतरल्याबिगर कळत नाही. मी सांगतो मोठा धक्का. करेलिन.”

वस्तादांनी करेलिनचं नाव काढलं की ते बसून बोलत नसत. ते उठले. “अलेक्झांडर करेलिन. सायबेरियाचा. १९८८ ला सोल, १९९२ ला बार्सिलोना, १९९६ ला अटलांटा, तिन्ही ऑलिंपिकची सुवर्णपदकं. तेरा वर्षं हा माणूस कुस्ती हरला नव्हता. ग्रीको-रोमन कुस्ती, म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही. पट काढता येत नाही, पायाला टांग मारता येत नाही. सगळा जोर छातीचा, खांद्याचा आणि पाठीचा. समोरचा १३० किलोचा गडी मॅटला चिकटून पालथा पडला, तर हा त्याला कमरेत कव घालून उचलायचा आणि उलटा मागं फेकायचा. उचलून घ्यायच्या भीतीनं माणसं आपणहून पाठ टेकवायची म्हणतात. आणि २००० साली सिडनीला अंतिम कुस्तीत समोर कोण? रुलन गार्डनर. अमेरिकेतल्या वायोमिंगचा, दुभत्या गायींच्या गोठ्यात वाढलेला पोरगा. मोठं कसलंच पदक गाठीला नाही.”

“आणि?” शेठनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

“पहिला भाग शून्य-शून्य. तेव्हा नियम नवा होता. गुण झाले नाहीत तर दोघांनी एकमेकांना मिठी घालून उभं राहायचं, आणि ज्याची पकड आधी सुटेल त्याच्या विरुद्ध गुण. करेलिनच्या हातांची पकड क्षणभर सुटली. त्याला स्वतःला ते लगेच कळलंसुद्धा नसेल. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि गार्डनरला एक गुण दिला. मग उरलेली सगळी कुस्ती त्या पोरानं स्वतःला जमिनीवरनं उचलू दिलं नाही. एक-शून्य. करेलिन त्यानंतर कुस्ती खेळला नाही.”

बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. “वस्ताद, उचलू दिलं नाही म्हणजे काय केलं त्यानं?”

“अंग मॅटला धरून ठेवलं. करेलिन कव घालायला आला की हा सरकायचा, त्याला हात एकत्र आणू द्यायचा नाही. १९९७ साली जागतिक स्पर्धेत करेलिननं त्याला हरवलं होतं, फेकलं होतं. ती फेक कशी लागते ते त्याच्या अंगाला ठाऊक होतं.”

“म्हणजे त्यानं तीन वर्षं त्या एका डावाचा विचार केला होता.”

“केलाच असणार.”

“मग सिडनीत धक्का कुणाला बसला?”

वस्ताद थांबले. “आम्हाला बसला,” ते म्हणाले आणि खाली बसले.

आता शेठना राहवेना. १९९६ साली ते पुण्याला शिकत होते आणि विश्वचषकाचा तो सामना त्यांनी नेहरू स्टेडियममध्ये बसून पाहिला होता. तारीख २९ फेब्रुवारी. केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. खरं तर माणसं आली होती लारा, अँब्रोज आणि वॉल्श यांना बघायला. केनिया हा लिंबूटिंबू संघ. त्यांचे खेळाडू हौशी, नोकऱ्याधंदे सांभाळून खेळणारे. प्रशिक्षक मात्र आपले हनुमंत सिंग, भारताकडून कसोटी खेळलेले.

“वेस्ट इंडीजनं नाणेफेक जिंकून त्यांना फलंदाजी दिली,” शेठ सांगू लागले, “आणि केनिया १६६ त सर्वबाद. त्या १६६ पैकी ३७ धावा अवांतर! स्टीव्ह टिकोलोच्या २९ ही सगळ्यांत मोठी खेळी. आमच्या बाजूच्या रांगेतली माणसं डबे उघडून बसली, की आता लाराची फलंदाजी बघायची आणि संध्याकाळच्या आत घरी जायचं. मग रिचर्डसनचा त्रिफळा रजब अलीनं उडवला. लारा आला, आठ धावांवर त्याच्या बॅटची कड घेऊन चेंडू मागं गेला. यष्टिरक्षक तारिक इक्बाल. चष्मा लावणारा, अंगानं स्थूल. डाव सुरू झाल्यापासून त्याच्या हातून चेंडू सुटत होते आणि लोक हसत होते. तो झेल त्यानं धरला. मग मैदानात असं झालं, की जे पुणेकर वेस्ट इंडीजला बघायला आले होते ते केनियाच्या प्रत्येक चेंडूला ओरडायला लागले. कर्णधार मॉरिस ओडुंबेनं आपल्या फिरकीवर १५ धावांत तिघं काढले. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. त्र्याहत्तर धावांनी जिंकले! दोन वेळा विश्वचषक घेतलेल्या संघाला ज्यांनी आजवर विश्वचषकात एकही सामना जिंकला नव्हता, त्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत.”

शेठना तो दिवस सांगताना दम लागत असे, आणि मला वाटतं ते योग्यच होतं. असा दिवस पाहिलेल्या माणसानं तो थंडपणे सांगू नये.

“आणि नंतर?” बाईंनी विचारलं.

“नंतर काय?”

“केनियाचं पुढं काय झालं?”

“त्या स्पर्धेत पुढं जिंकले नाहीत. आठवड्याभरातच श्रीलंकेनं त्यांना कँडीला ३९८ धावा चोपल्या, तेव्हाचा विक्रम होता तो. वेस्ट इंडीज उलट सावरले. ऑस्ट्रेलियाला हरवलं, दक्षिण आफ्रिकेला हरवलं, उपांत्य सामना पाच धावांनी गेला.”

वकीलसाहेबांनी ठरवलं, की अध्यक्ष म्हणून आता आपलं मत सांगायला हरकत नाही. त्यांचं मत अर्थात १९८३. २५ जून, लॉर्ड्स. आपण १८३ त बाद, विंडीज १४० त, मोहिंदर अमरनाथचे १२ धावांत तीन बळी. त्याआधीच्या दोन विश्वचषकांत मिळून भारतानं एकच सामना जिंकला होता, तोही १९७५ साली पूर्व आफ्रिकेविरुद्ध. “असा संघ लागोपाठ तिसरा विश्वचषक घ्यायला निघालेल्या विंडीजला अंतिम सामन्यात पाडतो. याच्यापुढे लेस्टर काय आणि पुणं काय?”

हे ऐकून कुणीही मराठी माणूस मान डोलावील. पण बाई वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवणाऱ्या होत्या.

“साहेब, त्याच स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यात, मँचेस्टरला, भारतानं विंडीजला ३४ धावांनी हरवलं होतं. यशपाल शर्मांच्या ८९ धावा. त्याच्याही आधी मार्च महिन्यात, त्यांच्याच देशात, बर्बिसला हरवलं होतं. गावसकरांनी ९० केल्या, कपिलनं ७२. म्हणजे लॉर्ड्सवर उतरलेल्या आपल्या पोरांनी तीन महिन्यांत विंडीजला दोनदा हरवलेलं होतं. आपल्याला धक्का बसला, कारण बर्बिसकडे आपण पाहिलंच नव्हतं. कपिलनं पाहिलं होतं, तो तिथं खेळत होता.”

माडीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग प्राध्यापक म्हणाले, “तुमच्या म्हणण्याप्रमाणे धक्का नावाचा प्रकारच नसतो.”

“असतो. पुण्यात होता. पण तो मोजायला आपण सगळे हरलेल्याची उंची धरतोय. लारा किती मोठा, करेलिन किती मोठा. जिंकलेला काय करत होता हे कुणी विचारत नाही. आज सकाळचा सामना मी पाहिला. तुमच्यापैकी कुणी पाहिला?”

कुणीच पाहिला नव्हता. वाडीच्या मुलींना बोलावून घ्यावं असं बाईंनी सुचवलं. शेवटची एसटी गेल्यामुळे त्या शाळेच्या वर्गातच मुक्कामाला होत्या. निरोप गेला आणि त्यांचे गुरुजी कर्णधार मुलीला घेऊन वर आले. मुलगी नववीतली, सडपातळ. दोन्ही गुडघ्यांवर मुरुमानं खरचटल्याच्या जुन्या खुणा होत्या.

वकीलसाहेबांनी विचारलं, “बाळ, कन्याशाळेला हरवाल असं तुम्हाला वाटलं होतं का?”

“हरवू असं नव्हतं वाटलं,” ती म्हणाली. “पण हरूच असंबी नव्हतं.”

बाईंनी तिला सरावाबद्दल विचारलं तेव्हा ती मोकळी झाली. वाडीत सपाट जागा नाही. मैदान उताराचं, मुरमाड. एक खांब लाकडाचा, दुसऱ्या टोकाला बाभळीचं खोड. उतारावर लांब पाऊल टाकलं की पाय निसटतो, म्हणून त्या आखूड पावलांत वळायला शिकल्या. मुलींचा दुसरा संघ आसपास नाही, तेव्हा सराव दहावीच्या मुलांबरोबर. मुलं पाठलागाला, मुली पळतीला. मुलं वेगानं जास्त, पण एकदा वेग घेतला की त्यांना चटकन वळता येत नाही हे मुलींच्या लक्षात आलं होतं. कन्याशाळेच्या मुलीही तशाच जोरात येत होत्या. गावातलं सपाट मैदान मिळाल्यावर वाडीच्या पहिल्या तुकडीनं आखूड वळणं घेत इतका वेळ काढला, की कन्याशाळेला पहिल्या पाळीत पुरेसे गडी बादच करता आले नाहीत.

“आणि दुपारी का हरलात?” वस्तादांनी विचारलं.

“त्या मुली खांबावर मारत होत्या. आमच्याकडं बाभळ हाय, तिथं काटं असत्यात, कुणी सूर मारत न्हाई. तसं मारत्यात हे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.”

शेठ कौतुकानं म्हणाले, “पोरी, ही ढाल आम्ही तुम्हाला द्यायचं म्हणतोय.”

तिनं टेबलावरच्या ढालीकडे पाहिलं. “कशासाठी?”

“तुम्ही मोठ्या संघाला हरवलंत म्हणून.”

“पुढच्या वर्षी परत हरवलं तर परत मिळणार?”

शेठ गडबडले. “पुढच्या वर्षी... तेव्हा तो धक्का नसेल ना.”

मुलगी गुरुजींकडे पाहू लागली. बोलावं की नाही ते तिला कळत नव्हतं. गुरुजी म्हणाले, “बोल.”

“ढालीच्या बदली कन्याशाळेसंगं खेळायला मिळंल का? म्हंजी असंच, मधनंमधनं. आम्हाला खेळायला कुणी न्हाई.”

ती गेल्यावर वाद पुन्हा पेटला. शेठचं म्हणणं, दात्यानं ढाल दिली ती द्यायचीच, मागणीप्रमाणे बक्षीस बदलायचं म्हटलं तर उद्या कुणीही काहीही मागेल. वकीलसाहेबांना नियमांची चिंता. मुलांच्या संघाचं नाव एव्हाना मागं पडलं होतं. वस्ताद म्हणाले, आजारी गड्याला पाडण्यात डाव कसला, आणि तो विषय तिथंच संपला.

मग बाई बोलल्या, आणि त्या रात्री त्या एवढं सलग बोलल्या ते एकदाच.

“शेठ, तुम्ही पुण्याचा सामना सांगितलात. त्याच १९९६ च्या स्पर्धेत विश्वचषक कुणी नेला? श्रीलंकेनं. तीही एके काळी लिंबूटिंबूच होती. १९७९ च्या विश्वचषकात तिनं भारताला ४७ धावांनी हरवलं, तेव्हा तिला कसोटीचा दर्जासुद्धा नव्हता. तो १९८१ मध्ये मिळाला. मोठ्या देशांचे संघ तिच्याशी खेळायला लागले. ती हरत राहिली, शिकत राहिली, आणि १९७९ नंतर सतरा वर्षांनी लाहोरला ऑस्ट्रेलियाला हरवून जगज्जेती झाली. आता केनिया. १९९६ ला वेस्ट इंडीजला हरवलं. १९९८ ला ग्वाल्हेरला आपल्याला हरवलं. २००३ च्या विश्वचषकात श्रीलंकेला हरवून उपांत्य फेरीत आला. न्यूझीलंड नैरोबीला खेळायला गेलं नाही, त्याचे गुण मिळाले हे खरं, पण श्रीलंकेला तर मैदानावर हरवलं ना? प्रशिक्षक होते आपले संदीप पाटील, १९८३ च्या संघातले. एवढं करूनही कसोटीचा दर्जा नाही. मोठे संघ त्यांच्याशी क्वचितच खेळले. त्यांच्या मंडळातही भांडणं आणि गैरकारभार झाले, तो दोष त्यांचा. पण नुसत्या टाळ्यांवर संघ जगत नाही. २०१४ साली त्यांचा एकदिवसीय सामन्यांचा दर्जासुद्धा गेला. पुण्याच्या सामन्याला अठरा वर्षं झाली होती. दोघांनीही मोठ्यांना धक्का दिला होता. एकीला पुढं सामने मिळाले, दुसऱ्याला आठवणीतली जागा मिळाली. ही पोरगी आज सामने मागतेय. आणि तिला कन्याशाळेशी पहिल्याच फेरीत कुणी भिडवलं? आपण. कन्याशाळेला सोपा सामना हवा म्हणून. कार्यक्रमपत्रिका याच टेबलावर तयार झाली होती. ते ठरवताना यांचा खेळ आपल्यापैकी कुणी पाहिला होता?”

आपल्याच शाळेच्या हरण्यावर बाई काय म्हणणार, याची गाव वाट पाहत होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी कन्याशाळेत जाऊन मुख्याध्यापिकांची गाठ घेतली. ते सोपं नव्हतं. वार्षिक परीक्षा, मुलींना वाडीपर्यंत पाठवण्याची जबाबदारी, पालकांची संमती, आणि वाडीच्या मुलींशी पुन्हा हरलो तर काय ही न बोललेली भीती. प्राध्यापकांनी सुचवलं, की ढालीबरोबर जी रोख रक्कम दिली जाते ती एसटीच्या भाड्यासाठी वापरावी. वकीलसाहेब स्वतः व्यापाऱ्यांकडे गेले आणि तासभर बसले. व्यापारी आधी रागावले, मग त्यांनीच अट नव्यानं लिहून दिली : ढाल मिळवणाऱ्या संघानं ज्या मोठ्या संघाला हरवलं असेल, त्या संघानं वर्षभरात त्याच्याशी चार सामने खेळायचे, दोन आपल्या मैदानावर आणि दोन त्याच्या. वडिलांचं नाव ढालीवर तसंच राहिलं.

पहिला सामना वाडीला झाला. कन्याशाळेच्या मुली उतारावरून घसरल्या, कपडे मुरुमानं लाल झाले आणि त्या मोठ्या फरकानं हरल्या. दुसरा गावात झाला. तिथं वाडीच्या मुली खांबावर सापडल्या. तिसऱ्या सामन्याच्या वेळी वाडीत बाभळीच्या खोडाचे काटे तासून त्याला पोतं गुंडाळलेलं होतं, आणि कन्याशाळेच्या दोघीजणी आखूड पावलांत वळू लागल्या होत्या. चौथा सामना पावसामुळे पुढं ढकलला गेला आणि शेवटी झाला तेव्हा बरोबरीत सुटला.

पुढच्या स्पर्धेत गटांची आखणी चिठ्ठ्या टाकून झाली. हे दोन संघ उपांत्य फेरीत समोरासमोर आले, भर दुपारी, आणि मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. कन्याशाळा एका गुणानं जिंकली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली ती अटीतटीच्या लढतीची.

त्या वर्षी धक्का ढालीसाठी तिसऱ्याच एका गावातल्या मुलांचं नाव पुढं आलं. बैठक पुन्हा त्याच माडीवर बसली. वकीलसाहेबांनी कागद पुढ्यात ओढला, प्राध्यापकांनी काही आकडे मांडून आणले होते. ते बोलणार एवढ्यात वस्तादांनी विचारलं, “या पोरांचं मैदान कुणी बघून आलंय का?” कुणी आलं नव्हतं. तेव्हा निर्णय पुढच्या रविवारपर्यंत थांबवला, आणि सकाळच्या एसटीनं जायचं कुणी यावर बोलणं सुरू झालं.